चौथा नट

लिफ्टच्या टपावर उभी राहून ती दोर तपासत होती आणि मध्येच तिचे हात थांबले. काल संध्याकाळी घरी बॅटरीच्या जाड केबलवर बसवलेल्या चार नटांपैकी तीन आपण पान्याने करकचून आवळले, हे तिला लख्ख आठवत होतं. चौथा काही केल्या आठवेना. चौथ्याच्या वेळी बाबांनी जेवायला हाक मारली होती आणि तिने पाना खाली ठेवला होता. तो पुन्हा उचलला का, तेवढंच डोक्यातून पुसलं गेलं होतं.

वीस वर्षं नट आवळतेय, हात आपसूक करतो, अशी तिने मनाची समजूत घातली. मनाला ती पटली नाही. खालच्या मजल्यावरून जोडीदार मेकॅनिकने दोनदा विचारलं, झालं का म्हणून. दोन्ही वेळा ती 'हो' म्हणाली आणि पुन्हा तोच दोर पहिल्यापासून तपासायला लागली.

त्यांचं घर टेकडीवर होतं. विजेचे खांब खालच्या वळणापर्यंत येऊन थांबले होते. छपरावरची सौर पॅनेलं आणि कोठीतल्या बॅटऱ्या एवढ्यावर दिवे, पंखा, पाण्याचा छोटा पंप चालायचा. त्यात त्यांचं भागत होतं. पण बाबांनी चाळीस वर्षं बेकरीत पीठ मळलं होतं. हात थरथरायला लागले तशी बेकरी सुटली आणि बाबा घरभर येरझाऱ्या घालायला लागले. खिडकी उघड, खिडकी लाव, डबे काढ, पुन्हा तसेच लाव. ते पाहवेना म्हणून तिने जुन्या बाजारातून पीठ मळायचं यंत्र आणि एक लहान ओव्हन आणला.

यंत्राचं बटण दाबलं की इन्व्हर्टर किंचाळायचा आणि घर बंद पडायचं. मोटर सुरू होताना एका क्षणात कितीतरी पट ताकद ओढते, तेवढी देताना बॅटरीचा जीव जायचा. म्हणून तिने बसच्या भंगारातून मोठे कपॅसिटर मिळवले आणि बॅटरीला जोडले. बॅटरी सावकाश देते, पण पुष्कळ देते. कपॅसिटर जवळचं सगळं एका दमात ओतून मोकळे होतात. पहिला धक्का यांनी सोसायचा, पुढचं बॅटरीने ओढायचं. आधी यंत्र, मग ओव्हन, दोन्ही एकदम कधीच नाही, हे तिने बाबांकडून वदवून घेतलं होतं. आणि कोठीत कशालाही हात लावायचा नाही. खटका पाडला तरी कपॅसिटर मरत नाहीत, तासन्‌तास आत दबा धरून बसतात, चुकून पाना आडवा पडला तर वितळून जाईल, हे तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी बाबा नुसती मान हलवायचे.

यंत्रापुरता तो नट ढिला असला तरी निभावलं असतं, कारण ते चार-पाच मिनिटांचं काम. पण आज बाबा पहिल्यांदाच पाव भाजणार होते, आणि ओव्हन पाऊण तास सलग ओढत राहणार होता. ढिल्या सांध्यातून एवढा प्रवाह गेला तर तांबं तापतं, मग केबलचं आवरण, मग शेजारची लाकडी फळी.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना ती जिना उतरत होती.

जोडीदाराला तिने एवढंच सांगितलं की घरी जातेय, साहेबांना काय सांगायचं ते सांग. वाटेतला प्रत्येक सिग्नल लालच मिळाला. ती गाडीवर बसल्या बसल्या डोळे ताणून टेकडीकडे बघत राहिली, धूर दिसतोय का म्हणून. टेकडीमागे ढग होता, आणि तो ढग तिला दर वेळी धूरच वाटत होता.

दार उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. परातीतलं पीठ फुगून कडेवरून ओट्यावर उतरलं होतं. फोन तिथेच पडला होता.

बाबा कोठीत होते. स्टुलावर ताठ बसलेले, दोन्ही पायांमध्ये वाळूची बादली, नजर कपॅसिटरवर. खटका पाडलेला होता. चौथ्या नटाजवळचं केबलचं आवरण काळं पडून ओघळलं होतं, फळीला जेमतेम डाग पडला होता.

ओव्हन तापायला लावला होता, तेवढ्यात वास आला आणि त्याबरोबर त्यांनी खटका पाडला होता. मग वाळू आणली आणि बसून राहिले. फोन वाजलेला त्यांनी ऐकला होता. पण उठून गेलो आणि पाठीमागे पेटलं तर, म्हणून उठले नव्हते. दोन तास झाले होते. हात मांड्यांवर दाबून धरले होते, तरी थरथरत होते.

"खटका पाडल्यावर धोका टळला होता, बाबा. हात लावला नाही म्हणजे झालं," ती म्हणाली. तिने काळ्या पडलेल्या केबलकडे बोट केलं. "नट माझाच राहिला होता."

बाबांनी बादली आणखी जवळ ओढली. मग कपॅसिटरवरून नजर न काढता म्हणाले, "तू मला नुसतं घाबरायला शिकवलंस. काय करायचं ते शिकवलं नाहीस."

काळजीपोटी केलं, असं तिला म्हणता आलं असतं. पण खरं तर शिकवत बसण्यापेक्षा दटावणं सोपं होतं, एवढंच. ती ट्रकच्या दिव्याचा बल्ब घेऊन आली. बॅटरीची तार आधी कशी सुटी करायची ते दाखवलं आणि बल्बाच्या दोन्ही तारा कपॅसिटरला लावायला बाबांना सांगितलं. पहिल्या खेपेला तार निसटली. तिचा हात पुढे गेला, तिने तो मागे घेतला. दुसऱ्या खेपेला बल्ब डोळे दिपवणारा पेटला. मग पिवळा झाला, मग लाल, आणि दोघं बघत असताना हळूहळू विझला. कपॅसिटरला लावलेल्या मीटरचा काटा शून्यावर आलेला बाबांनी स्वतः वाचला.

"आता?"

"आता हे रिकामे."

नवी केबल तिने कापली, नट मात्र चारही बाबांनी आवळले. थरथरत्या हाताला वेळ लागत होता. एकेका नटाला पाना दोन-दोनदा सुटत होता, आणि तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी ती आपल्याच हातांवर बसली.

मग एकदम झटका बसू नये म्हणून बल्बातूनच कपॅसिटर सावकाश पुन्हा भरले आणि ओव्हन लावला. पीठ केव्हाच जास्त फुगून खाली बसलं होतं. पाव आंबट झाले, चपटेही. बाबांनी एक तोडून वास घेतला आणि बेकरीत असं काही निघालं असतं तर मालकाने हाकललं असतं म्हणाले. तरी दोघांनी मिळून तीन संपवले. खाताना बाबा मध्येच दोनदा उठून कोठीत गेले आणि नटाजवळ पालथा हात धरून आले, तिने दाखवला होता तसा. तिसऱ्यांदा ती उठली. बाबांनी तिला बसायला सांगितलं.

"गार आहे," ते म्हणाले. "मी बघितलंय."

ती बसली. पाय मात्र टेबलाखाली हलतच राहिले.