मावशींचा कच्चा डबा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मॅनेजरसाहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, पण तेसुद्धा मावशीच म्हणायचे. मावशी कॅन्टीनच्या मुख्य स्वयंपाकीण. रोज एकशे ऐंशी माणसांचं जेवण, आणि तेही सव्वीस वर्षं. पहाटे येऊन त्या कांदा परतायला टाकायच्या तेव्हा गेटवरचा पहारेकरी वासावरून ओळखायचा, आज रस्सा कसला आहे ते.

पण गेलं वर्षभर मावशींचं आपल्याच जेवणाशी बिनसलं होतं. चवीत काही खोट नव्हती, खोट असलीच तर वाफेत. आठ-आठ तास पातेल्यांवर वाकून उभं राहायचं, कढईतल्या तेलाचा वास केसांत, पदरात, अगदी चष्म्याच्या दांडीत मुरलेला. मग दुपारी सव्वादोनला स्वतःचं ताट समोर आलं की पोट सरळ ‘नको’ म्हणायचं. दोन घास कसेबसे गिळायचे आणि संध्याकाळी घरी जाताना पावाचा तुकडा चघळायचा. अंग जड, तोंडाला चव नाही. स्वयंपाकिणीला भूक लागत नाही, हे सांगायचं तरी कुणाला?

एके दिवशी गॅसची नळी बदलायला माणूस आला आणि तासभर शेगड्या बंद राहिल्या. मावशी भाजीच्या कोठीत जाऊन रिकाम्या क्रेटवर बसल्या. गार, अंधारी खोली. ओल्या कोथिंबिरीचा वास. हाताशी गाजरं होती. एक धुतलं, खाल्लं. मग दुसरं. मग एक काकडी, आणि कुणाच्या तरी टेबलावर जायचं राहिलेलं सफरचंद. चावताना होणारा तो कडाकड आवाज ऐकून त्यांना स्वतःचंच हसू आलं. कित्येक महिन्यांनी त्या पोटभर, मनापासून जेवल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी हे लेकीला फोनवर सांगितलं आणि तिथेच चूक झाली. लेक दुसऱ्या शहरात राहायची. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा पार निकाल लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. अर्ध्या तासात तिनं एक तक्ता पाठवला: ‘एकवीस दिवसांत संपूर्ण कच्चा आहार.’

“आई, उद्यापासून सुरू. मीपण करते तुझ्याबरोबर.”

“अगं पण एकदम?”

“एकदमच करायचं असतं. नाहीतर होत नाही.”

लेकीचा हट्ट मोडवेना. सोमवारी मावशींनी सकाळी वाडगाभर कोबी खाल्ला, दुपारी बीट आणि मोड आलेली कडधान्यं, रात्री पुन्हा कोबी. मंगळवारी तेच, वर मुळा. बुधवारी रात्री दोघं नवरा-बायको अंथरुणावर पडले. मावशींचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, कुलपं दुरुस्त करायचे, घराखालीच त्यांचं छोटंसं दुकान होतं. दिवसभर किल्ल्यांचा खट्ट असा बारीक आवाज ऐकायची सवय असल्यामुळे त्यांचे कान फार तिखट.

“अगं, मोरीतला नळ चालू राहिलाय का बघ,” ते म्हणाले.

“नळ नाही.”

“मग गुडगुडतंय काय?”

“मी गुडगुडतेय. झोपा.”

पलंग हलायला लागला, कारण काका हसू दाबत होते. मावशींनी त्यांना कोपर मारलं, पण मग त्यांनाही आवरेना. पोट असं तटतटलेलं की हसतानासुद्धा दुखत होतं.

गुरुवारी त्यांनी लेकीला फोन लावला. “तुझा तक्ता तुझ्यापाशीच ठेव बाई.”

“म्हणजे सोडलंस? तीन दिवसांत?”

“सोडलं नाही. एकशे ऐंशी माणसांचा भात मी कधी मोठ्या आचेवर उरकला नाही. हेसुद्धा मंद आचेवरच होऊ दे.”

“कच्चं खायचं, तेही मंद आचेवर?” लेक खो खो हसली आणि मग तिनं हळूच कबूल केलं, की मंगळवारी रात्री तिनं स्वतः दोन वाट्या गरम भात खाल्ला होता.

मावशी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं, “करा, पण पोटाला सवय होऊ द्या. एक वेळ धरा. ती अंगवळणी पडली की दुसरी. चक्कर आली, वजन भराभर उतरलं, तर थांबून माझ्याकडे या. आणि सगळंच कच्चं चालतं असं नाही.”

“ते मला ठाऊक आहे. राजमा, बटाटा कच्चा खायचा नाही. सव्वीस वर्षं भाज्या ओळखतेय मी.”

“मग मी तुम्हाला काय शिकवणार?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी सकाळची वेळ धरली. रात्री भिजवलेले बदाम, एखादं फळ, काकडी. दीड महिना एवढंच. त्यात काही जिंकल्यासारखं नव्हतं, पण सकाळी भूक लागायला लागली. कोबी त्यांनी बेतानं घेतला. इतका बारीक चिरायचा की केसासारखा दिसावा, मग मीठ-लिंबू चोळून तासभर ठेवायचा. असा कोबी पोटात गुपचूप बसतो, हा शोध त्यांचा त्यांनीच लावला.

रात्रीच्या जेवणाचा विषय निघाला तेव्हा काका जरा घाबरले. “मी एकट्यानं गरम सूप प्यायचं आणि तू समोर ससा होऊन बसायचं?”

“रात्रीचं गरम राहणार. तुमच्याबरोबर,” मावशी म्हणाल्या. आणि ते त्यांनी काकांवर उपकार म्हणून ठरवलं नव्हतं. दिवसभर ज्या वाफेचा वीट यायचा, तीच वाफ दोन वाडग्यांपुरती, आपल्या टेबलावर, आपल्या माणसासमोर आली की बरी वाटायची.

दोन महिन्यांनी त्यांनी दुपार धरली, आणि इथून पुढे गंमत झाली.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या देखत कच्च्या भाज्यांचा डबा उघडायची त्यांना लाज वाटली. लोकांना गरम वाढायचं आणि आपण काकडी खायची, हे कसं दिसेल? म्हणून सव्वादोन वाजले की त्या डबा घेऊन भाजीच्या कोठीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि क्रेटवर बसून जेवायच्या.

कारखान्यात माल उचलणारी गाडी चालवणारा एक जण होता. त्याचं नाव सगळे विसरले होते, त्याला ‘रेडिओ’ म्हणायचे. एका टोकाला कळलेली बातमी गाडी दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत त्याच्याकडून पोचायची. तो एकदा उशिरा जेवायला बसला आणि कांदा मागायला म्हणून कोठीत डोकावला. मावशी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी दचकून झाकण लावलं. रेडिओ कांदा न घेताच परतला.

दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं जेवली. त्याच्या पुढच्या दिवशी एकशे दहा. त्यातच छपाई विभागातल्या एकाचं पोट बिघडलं. तो आदल्या रात्री कुणाकडे तरी जेवून आला होता, पण ते विचारतो कोण? आठवडा संपताना ऐंशीच ताटं उठली. पातेली अर्धी भरलेली परत यायला लागली. मावशींनी दहादा चव घेतली. मीठ बरोबर, तिखट बरोबर. भांडी घासणाऱ्या बाईला चाखायला दिलं. तीही म्हणाली, “नेहमीसारखंच आहे हो.” मग हे काय? सव्वीस वर्षांनी हात गेला की काय आपला? त्या दिवशी ओट्यावर कांदा नव्हता, तरी मावशींचे डोळे भरून आले.

शनिवारी मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावरचा पेपरवेट उगीच फिरवत बसले.

“मावशी, राग मानू नका. खाली बोललं जातंय की तुम्ही स्वतः रांधलेलं तुम्हीच खात नाही. दार लावून घरचा डबा खाता. म्हणजे जेवणात काहीतरी आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मावशींना हसूच फुटलं. “साहेब, रोज प्रत्येक पातेल्यातला पहिला चमचा माझ्या तोंडात जातो. विष असतं तर मी पहिली गेले असते.”

“मग डब्यात असतं काय?”

“गाजर,” मावशी म्हणाल्या.

सगळं ऐकून साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फळ्यावर सूचना लावतो म्हणाले. मावशींनी मान हलवली. “कागद लावला की लोकांना वाटतं, नक्की काहीतरी लपवताहेत. माझं मी बघते.”

रविवार त्यांनी विचारात घालवला. काका म्हणाले, “कुलूप अडलं की जोर लावायचा नाही. किल्ली काढून बघायचं, अडलंय कुठे.” काकांचे सगळे सल्ले कुलपांचेच असायचे. पण मावशींना कळलं, अडलं होतं ते त्या लोटून घेतलेल्या दारापाशीच.

सोमवारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीच्या ऐन गर्दीत, मावशी वाढपाच्या खिडकीमागून बाहेर आल्या. सगळ्यांच्या पातेल्यातूनच त्यांनी रस्सा वाढून घेतला, पाव घेतला आणि हॉलच्या मधल्या टेबलावर बसल्या. शेजारी आपला डबा ठेवला, झाकण काढून. चमच्यांचे आवाज थांबले.

त्यांनी पावाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग मान वर करून म्हणाल्या, “रेडिओ कुठे आहे? इकडे ये रे.”

रेडिओ उठून आला. कान लाल झालेले.

“हा रस्सा मी खाल्ला. दिसला सगळ्यांना? आता हा डबा बघ. काय काय आहे, मोठ्यानं सांग.”

“काकडी,” रेडिओ म्हणाला. “गाजर. बीट. कोबी. हे... मोड आलेले दाणे.”

“वाफेत उभं राहून राहून मला गरम जेवण जाईना झालं. म्हणून हळूहळू हे सुरू केलंय. एवढंच. तुमच्या जेवणात काही खोट नाही.”

“मग लपून का खात होता मावशी?” रेडिओनं विचारलं. त्याच्या आवाजात आता आगाऊपणा नव्हता, खरंच कळत नव्हतं त्याला.

“लाज वाटली रे. तुम्हाला गरम वाढायचं आणि आपण सशाचं खायचं. तुम्ही हसाल असं वाटलं.”

कुणीच हसलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून बॉयलरवाले उठले. दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल असा धिप्पाड माणूस, आणि दिवसाला दहा शब्द बोलला तर पुष्कळ. ते टेबलापाशी आले, डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, “एक घेऊ?”

मावशींनी डबा पुढे सरकवला. त्यांनी काकडीची फोड उचलली, चावली. सगळा हॉल तो आवाज ऐकत होता.

“आठ तास बॉयलरपाशी असतो मी,” बॉयलरवाले म्हणाले. “दुपारी गरम ताट बघितलं की घाम फुटतो. बोललो नाही कधी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“किती वर्षं?”

“चौदा.”

“चौदा वर्षं तुम्ही माझ्या भिडेपायी घाम गाळत जेवलात?” मावशी म्हणाल्या, आणि आता मात्र हॉलमध्ये हशा उसळला. बॉयलरवालेसुद्धा हसले. ते हसतात हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

रेडिओनं आपली चूक आपल्या पद्धतीनं निस्तरली. पाळी संपायच्या आत गोदामापासून गेटपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की मावशींचा रस्सा एकदम झकास आहे, की मावशींनी तो स्वतः हॉलच्या मधोमध बसून खाल्ला, आणि डब्यात फक्त काकडी होती. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर दोन तुकड्यांचे चार पाव झाले होते, पण मावशींनी तक्रार केली नाही.

बुधवारपर्यंत ताटं पुन्हा एकशे सत्तरच्या वर गेली. गुरुवारी मावशींनी खिडकीच्या कडेला एक मोठं परातीसारखं भांडं ठेवलं. त्यात चिरलेली काकडी, गाजर, लिंबू चोळलेला बारीक कोबी, मोड आलेली कडधान्यं. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पहिल्या दिवशी बॉयलरवाले आणि आणखी तिघं. काहींनी ‘आज चारा आलाय वाटतं’ म्हणून टोमणे मारले. त्यातलाच एक जण आठवड्यानं भांड्यापाशी रेंगाळताना दिसला. मावशींनी मुद्दाम पाठ फिरवली, म्हणजे बिचाऱ्याला घेता येईल.

कुणी विचारायला आलं, ‘मावशी, पूर्ण सुरू करू का?’, की त्या म्हणायच्या, “एक काकडी खा आणि घरी जा. पुढच्या सोमवारी सांग पोट काय म्हणतं.”

थंडीचे दिवस आले तेव्हा मावशींचं गाडं घसरलं. गार फळ हातात धरवेना. पंधरा दिवस त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ सगळं गरम जेवल्या, दोनदा वाढून घेऊन. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी ते लपवलंही नाही. मग एका सकाळी ऊन पडलं, त्यांना गाजराची आठवण झाली आणि त्या पुन्हा सकाळच्या वेळेपासून सुरू झाल्या, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा नवा कागद बघितला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “मग आता रात्रीचंही कच्चं करणार?”

मावशींनी पिशवी खांद्याला लावली. “आज घरी मक्याचं सूप आहे. यजमान वाट बघत असतील,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.