झंड्यांवर आखलेला चौकोन

इंद्राणीने चारही कॅमेरे पुन्हा तपासले. पाववाल्याची गाडी गेल्यानंतर फाटकावर एकही नोंद नव्हती. म्हणजे पा बाहेर पडलेच नव्हते. मग ते घरात होते, नाहीतर मागच्या तळ्यात. घर तर पालथं घालून झालं होतं.

पा म्हणजे तिचे वडील, सुकदेव बुद्राम. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नसत. म्हणूनच ब्रुकलिनमधल्या भावाने, ऋषीने, कॅमेरे आणि हे सॉफ्टवेअर बसवायला लावलं होतं. काही हललं की रेकॉर्डिंग सुरू, एरवी बंद.

"ताई, फाटकातून कुणी गेलेलं नाही," ऋषी फोनवर सांगत होता. "कपाटं बघितलीस?"

"पा मांजर आहेत का रे?"

तिचा नवरा डेल तळ्यात कंबरभर पाण्यात उभा राहून बांबूने तळ चाचपत होता. "दिसलं का काही?" तो सारखा ओरडून विचारत होता. तिला तोच प्रश्न त्याला विचारायचा होता, पण उत्तर ऐकायचं नव्हतं.

शेजारच्या दुकानवाल्या मिस व्हर्ना खिडकीशी आल्या. "काय गं, माणूस हरवला की लोक रस्ता धरतात. तू टीव्ही बघत बसलीस?"

"फाटकातून गेले नाहीत ते, मिस व्हर्ना."

"कोण म्हणतं?"

"कॅमेरा."

"मग त्यालाच विचार कुठे गेले ते!"

तेवढ्यात पडद्यावर कुत्रा फाटकासमोर आला. कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पेटला. कुत्रा कुंपणाकडे वळला आणि ठिपका विझला. कुत्रा तर अजून चालतच होता.

इंद्राणीने सेटिंग उघडलं. चित्राच्या डाव्या बाजूला करडा चौकोन होता. तो तिनेच आखला होता. पूजेनंतर तिथे बांबूंवर लाल-पिवळ्या झंड्या रोवल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की सॉफ्टवेअरला वाटे कुणीतरी आलं. डिस्क नुसत्या झंड्यांनी भरायची आणि कामाचं रेकॉर्डिंग पुसलं जायचं. झंड्या उपटायच्या नसतात, त्या आपोआप विरेपर्यंत उभ्या ठेवायच्या असतात. मग तेवढ्या भागाकडे लक्ष देऊ नकोस, असं तिने सॉफ्टवेअरला सांगितलं होतं. एकही फडफड बाहेर राहू नये म्हणून चौकोन चांगला ऐसपैस ओढला होता. त्याच्याखाली झंड्या होत्या, जास्वंदीचं कुंपण होतं आणि कुंपणातलं छोटं दारही होतं.

"डेल! तळ्यातून बाहेर ये!"

मिस व्हर्नांच्या दुकानावरचा कॅमेरा रस्त्याकडे रोखलेला होता. "माझं यंत्र बावळट आहे," त्या म्हणाल्या. "हलो न हलो, सगळंच टिपतं." इंद्राणीने त्यांच्या संगणकावर सकाळ भराभर पुढे पळवली. रिकामा रस्ता, शाळेची मुलं, पुन्हा रिकामा रस्ता. मग पा दिसले. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. एक मूठ मागे वळलेली, घट्ट.

"हात दुखतोय का गं त्यांचा?" मिस व्हर्नांनी विचारलं.

डेलच्या पँटमधून पाणी ठिबकत होतं. तो वाकून बघत राहिला. "बैलाचा कासरा धरलाय," तो म्हणाला. "ऊस घेऊन काट्यावर निघालेत."

पा जिथे ऊस घालायचे तो साखर कारखाना बंद होऊन जमाना झाला होता. वजनकाटा तेवढा हायवेच्या कडेला गंजत उभा होता.

दोघं मोटारीने पोचली तेव्हा पा तिथेच होते, डांबरावर. ट्रक हॉर्न देत त्यांना वळसा घालत होते. इंद्राणीने त्यांचा दंड धरला तसा त्यांनी तो झटकला आणि ते रस्त्याच्या आणखी मध्ये सरकले.

"रांग मोडू नका! माझा नंबर आहे!"

ती पुन्हा पुढे झाली. डेलने तिला मागे ओढलं. काट्याच्या मोडक्या खोलीत शिरून त्याने खिडकीच्या फळीवर थाप मारली.

"सुकदेव बुद्राम! गाडी काट्यावर घ्या!"

पा थबकले. मग बैलाला चुचकारत रस्त्यावरून उतरले आणि लोखंडी फळ्यांवर येऊन उभे राहिले.

"तीन टन," डेल म्हणाला.

"चोरा! एवढ्या गाडीचे तीन?"

"नीट बघ रे," इंद्राणी ओरडली. "काटा अडकला असेल."

डेलने पुन्हा फळी ठोकली. "चार!"

पा विचारात पडले. ट्रक जातच होते. शेवटी त्यांनी मूठ तिच्यापुढे केली.

"धर. मी पावती घेतो. आणि सोडू नकोस, बुजरा आहे."

तिने मूठ मिटली, आणि दुसऱ्या हाताने मोटारीचं दार उघडलं.