ढिगाला चार बोटं कमी

दिघेसाहेबांनी ताडोब्याच्या तळ्यात खळखळून गुळणी टाकली, आणि काठावर घागर घेऊन उभ्या असलेल्या सुगंधाबाईनं तोंड फिरवलं.

आता गुळणी काय कोणी करत नाही? पण चार पावलं बाजूला सरकायला माणसाचे पाय मोडतात का? तिथंच तिला घागर बुडवायची होती, आणि त्याच पाण्याचा चहा याच साहेबांना लागणार होता. पलीकडे झाडाखाली तारूदेवाचं ठाणं. तिथं यांनी काल खाल्लेल्या अंड्यांची टरफलं पडली होती. वरच्या अंगाला आठ जणांनी पहाटे काय करून ठेवलं होतं, ते माशांच्या घोंघाटावरूनच कळत होतं. शी! म्हणे शिकलेली माणसं. मांजरसुद्धा वरून माती ओढतं.

ती तरातरा दूर चालत गेली आणि स्वच्छ जागा पाहून घागर भरली.

ही आठ माणसं नागपूरच्या कुठल्याशा हिंडणाऱ्या मंडळाची. जंगल सरकारनं राखीव करून त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं, तेव्हापासून असली माणसं माघ-फाल्गुनात येऊ लागली होती. तंबूत राहायचं, पायी हिंडायचं, वाटेतली देवळं, लेणी, किल्ले पाहून वहीत टिपून घ्यायचं. भांदकची लेणी झाली होती, चांद्याचा परकोट झाला होता, आता तीन दिवस ताडोबा. दिघेसाहेब त्यांचे म्होरके. स्वयंपाकाला त्यांनी मोहर्लीची सुगंधाबाई घेतली. तिच्या हाताला चव होती आणि पन्नास माणसांच्या पंगतीला ती घाबरत नसे.

काल मोहर्लीहून येताना ती भांड्याकुंड्यांसोबत दसरूच्या बैलगाडीत बसली होती. साहेबलोक पुढं चालत होते. त्या रस्त्यावर गोंडराजाच्या वेळचे दगडी खांब लागतात. साहेबांनी खांबांना टेप लावून उंची मोजली, वहीत लिहिली. इथवर ठीक. मग दोघांनी खिसे चाचपून मोठे खिळे काढले आणि खांबावर आठही जणांची नावं कोरायला सुरुवात केली. गावासकट, तारखेसकट! दिघेसाहेबांचं नाव सर्वांत वर.

"साहेब, हे काय करून राह्यले?" तिनं गाडीतूनच विचारलं.

"बाई, आम्ही येऊन गेलो हे लोकांना कळायला नको का?"

दसरू बैलांना हाकत हळूच म्हणाला, "मेल्यावर कोनी नाव घेनार नाई म्हून आत्ताच लिवून ठेवून राह्यले."

ती पदर तोंडाला लावून हसली होती. काल हसायला येत होतं.

शेवटच्या खांबापासून तळ्याकडे जवळची पायवाट फुटते. साहेब त्या वाटेनं निघाले, तेव्हा तिनं मागून ओरडून सांगितलं, "येताना सरपण घेऊन या, साहेब! वाळकं पाहा, ओलं नको!" गाडी तळ्यावर रिकामी झाली, तिसऱ्या दिवशी न्यायला येतो म्हणून दसरू परत गेला, आणि जरा वेळानं साहेब खरंच भारे घेऊन आले. तीन खेपा केल्या. चुलीला झालं, शेकोटीलाही झालं. "कोणी तरी आयतं रचूनच ठेवलं होतं," दिघेसाहेब घाम पुसत म्हणाले. "जंगलखात्याची सोय दिसते." तिनं लक्ष दिलं नाही. आठ पोटं भुकेली होती, आणि तिचं नववं.

लक्ष द्यायला हवं होतं. कारण ती हाताच्या चवीच्या कौतुकासाठी आली नव्हती की साहेबांच्या ओढीनं आली नव्हती. ती आली होती त्याच पायवाटेवरच्या वळणासाठी.

पाच वर्षांमागं तिचा घरधनी बांबू तोडायला गेला आणि त्या वळणावर वाघानं त्याला नेलं. कुऱ्हाड सापडली, एक पायतण सापडलं, माणूस सापडला नाही. वाघानं नेलेला माणूस सुटत नाही, वाघाच्या मागं मागं फिरतो, असं गावात सगळेच मानत. त्याला सोडवायचं तर ज्या जागी तो पडला तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याचं नाव घेऊन एक फांदी टाकायची. एका माणसानं एका खेपेला एकच. ढीग त्याच्या उंचीचा झाला की भूमक, म्हणजे गोंडांचा पुजारी जंगू, येऊन त्याला मोकळं करणार. तिनं कुऱ्हाडीचं पातं घरी ठेवलं आणि दांडा काढून ढिगाच्या तळाशी घातला. दर पावसाळ्यात ढीग खचायचा आणि पौषाच्या जत्रेला पुन्हा चढायचा. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिच्या फांदीला बरोबरचं कोणी तरी नाव द्यायचं. कधी दसरू, कधी मोहफुलं वेचणारी मंगली. यंदाच्या जत्रेनंतर ढीग तिच्या डोक्याइतका झाला होता. तिचा माणूस तिच्याहून चार बोटं उंच. तेवढीच चार बोटं उरली होती. होळीला पूजेला बसतो, असं जंगूनं सांगितलं होतं. परत जाताना दसरूला घेऊन पायवाटेनं जायचं, फांदी टाकायची आणि चार बोटं किती भरली ते पाहायचं, एवढाच तिचा बेत.

घागर चुलीपाशी टेकवून ती बसली. रात्रीची गार राख तिनं तळहातावर घेतली, बोटानं दात घासले, हिरड्या घासल्या, चूळ भरली. उरलेल्या राखेनं पिठल्याचं पातेलं लख्ख घासलं. मग चहाला जाळ करावा म्हणून चुलीत अर्धवट जळून विझलेलं एक लाकूड बाहेर ओढलं.

लाकूड हाताला गुळगुळीत लागलं. धावड्याचं होतं. एका टोकाला तांब्याची तार गुंडाळलेली, काळी पडलेली. तिनं वेढे मोजले. सात. हात सटकू नये म्हणून घरधन्यानं ओसरीत बसून घातलेले सात वेढे. ती समोर डाळ निवडत होती तेव्हा.

दांडा चुलीत कसा आला, ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि एकदम सगळंच कळलं. रात्री ज्याच्यावर पिठलं रटरटलं ते, ज्याच्या धगीला तिनं पाय शेकले ते, आणि आत्ता तिच्या दातांच्या फटीत बसलेली ती राख. तिनं दोन घास जास्तच खाल्ले होते. चांगलं झालंय म्हणून बोटं चाटली होती. सुगंधाबाई तिथंच वाकली आणि भडाभडा ओकली. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात. तिला साहेबांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या तोंडाची, स्वतःच्या जिभेची.

"काय झालं, बाई? पित्त झालं का?" दिघेसाहेब आले. "चहाचं मग काय?"

तिनं दांडा दाखवला आणि तुटक तुटक सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला. पण असल्या माणसांचा चेहरा फार वेळ उतरलेला राहत नाही.

"अरेरे! पण आम्हाला काय कल्पना? आणि सरपण आणायला तुम्हीच सांगितलंत ना?"

ते खरं होतं. म्हणून तर जास्त झोंबलं.

"बरं, तुम्ही रडू नका. आम्ही आठ जण आहोत. होता त्याहून मोठा करून देतो. चला रे!"

ती दांडा घेऊन त्यांच्या मागं गेली. वळणावर काहीच नव्हतं. काळा ओलसर गोल डाग आणि उघडे पडलेले किडे. साहेबांनी कोयते काढले. सागाची कोवळी रोपं, तेंदूच्या फांद्या, जे हाताला लागेल ते सपासप तोडलं. कोणी शीळ घालत होता. एकानं तर पैज लावली की कोण जास्त टाकतो. तासाभरात हिरवागार ढीग उभा राहिला. दिघेसाहेबांनी खिशातून टेप काढून लावला.

"पाच फूट दहा! घ्या बाई, झालं की नाही तुमचं काम?"

मागून एक जण कॅमेरा घेऊन म्हणाला, "बाई, जरा ढिगाजवळ उभ्या राहा."

ती उभी राहिली नाही. तिनं विचारलं, "कोनाच्या नावानं टाकल्या?"

"म्हणजे? तुमच्या यजमानांच्या."

"नाव काय त्यायचं?"

साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी साहेबांकडे. काल खांबावर आठ नावं कोरली होती यांनी, तारखेसकट. तिनं त्यांच्यासाठी दोन वेळा रांधलं होतं, आज त्यांच्यासमोर ओकली होती. एकानंही विचारलं नव्हतं.

"तुम्ही सांगा ना," दिघेसाहेब ओशाळून म्हणाले. "आम्ही सगळे एकदम म्हणतो. चालेल ना?"

थू! ती खरंच थुंकली, बाजूला, वाटेबाहेर. मग पदर खोचला आणि ढीग ओढायला लागली. हिरव्या फांद्यांचा चीक हाताला चिकटत होता. एक जण मदतीला पुढं आला. "हात नोका लावू!" ती ओरडली, तसा तो मागं सरला. आठही जण उभे राहून पाहत राहिले. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. जमीन मोकळी व्हायला बराच वेळ लागला.

काळ्या डागाच्या मधोमध तिनं अर्धा जळका दांडा ठेवला. जवळच्या धावड्याची एक बोटभर जाडीची फांदी मोडून घेतली. मागं वळून पाहिलं. दसरू यायला अजून दीड दिवस होता. मंगली यावी तर अजून मोहफुलं पडायला लागली नव्हती. वाट रिकामी होती, आणि समोर उभ्या असलेल्यांपैकी कोणाच्या तोंडून ते नाव निघावं अशी तिची इच्छा नव्हती.

लग्नात बायांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही लाजून, अर्धं गिळून. त्यानंतर कधी नाही. तो होता तेव्हा नाही, गेला तेव्हाही नाही. तोंडात राखेची चव अजून तशीच होती. तिनं जीभ टाळूवर घासली, घसा खाकरला.

"पत्रू," ती मोठ्यानं म्हणाली, आणि फांदी टाकली.