डाळिंबाच्या सालींचा पिवळा

भिंगरी शाळेतून आली ती नेहमीसारखी गिरकी घेतच, आणि रंगखोलीच्या दारात तिच्या चपलेखाली काहीतरी कचकन चुरडलं. निळ्या एनॅमलचा टवका! शेगडीवर निळं पातेलं रटरटत होतं आणि राखणीला बसवलेला मामा स्टुलावर पेंगत होता.

"मामा, पातेलं कुठे आपटलंस?"

"मी? छे! नळाला जरासं टेकलं," मामा डोळे न उघडता म्हणाला. "झाकणाला हात लावू नकोस हं. ताई मला सोलून काढेल."

पातेल्यात डाळिंबाच्या वाळलेल्या सालींचं पाणी होतं, आणि त्यात मावशीने हाताने कातलेली लोकर. संग्रहालयातून दुरुस्तीला आलेल्या शेकडो वर्षं जुन्या गालिच्याचा काठ उंदरांनी कुरतडला होता. त्या काठावरची पिवळी डाळिंबं अशाच सालींच्या रंगातली. आई ती पुन्हा विणणार होती. पण तसली लोकर एवढीच उरलेली. मावशीची बोटं आता इतकी आखडली होती की कातायची चाती सोडाच, तिला चमचाही धड धरवत नव्हता.

आणि गेल्या सुट्टीत भिंगरीनेच अशा पाण्यात गंजका खिळा टाकून काळीकुट्ट शाई बनवली होती! एनॅमल उडालं म्हणजे आत उघडं लोखंड.

"मामा, ऊठ! लोकर काळी पडेल. काढूया."

मामाची झोप खाडकन उडाली. "मध्येच काढली तर रंग एकसारखा बसत नाही, ताईने बजावलंय. ती दुकानातून येऊ दे."

"ती येईपर्यंत शाई होईल रे!"

"आणि तुझं चुकलं तर?"

चुकलं तर मावशीची शेवटची लोकर वाया. भिंगरीने फडकं घेतलं आणि झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. आत सगळं पिवळंधमक! कुठेच काही नाही. तिचे कान तापले. आता झाली शोभा! तरी तिने काठी तळाशी घातली, लड वर उचलली.

खालचं टोक शेवाळी काळं पडलं होतं.

दोघांनी मिळून लोकर बाहेर काढली, तेवढ्यात दारात आई. "कोणी उघडलं?"

"मी," भिंगरी म्हणाली. मान खाली गेली नाही. तिने दारात सापडलेला टवका पुढे केला. मामा छताकडे बघू लागला.

आईने काळं टोक कात्रीने उडवलं आणि लड खिडकीपाशी गालिच्यावर धरली.

"पुरेल. पण रंग फिका आहे. पुन्हा बुडवावी लागेल, स्टीलच्या पातेल्यात. आणि वाळलेल्या साली संपल्या."

"ओल्या चालतील?"

"चालतील की. पेटीभर डाळिंबं लागतील."

पेटी मामानेच आणली, आणि संध्याकाळभर सगळ्यांची तोंडं दाण्यांनी भरलेली. मावशीला भिंगरी भरवत होती.

"रक्त वाढतं म्हणे याने," मामा कण्हत म्हणाला.

"ते राहू दे. पण चोथा भरपूर असतो! उद्या कळेल तुला," भिंगरी म्हणाली.

मावशी इतकी हसली की दाणे सांडले.

दुसऱ्यांदा लोकर बुडवली तेव्हा आईने ढवळायची काठी मुकाट्याने भिंगरीच्या हातात दिली. लोकर वाळल्यावर आईने एक धागा जुन्या डाळिंबावर टाकला.

"शोध बघू."

भिंगरी काठावर पार वाकली. मामाने चष्मा पुसला. धागा काही केल्या सापडेना.