आरशाच्या दुकानातला वस्ताद

या मित्रांनो, या, जवळ या! काचेला नाक लावलं तरी चालंल, पन टकटक करू नका बरं का. तुमच्या एका बोटानं माझ्या आख्ख्या घरात ढोल वाजतो. मी एक म्हातारा फायटर मासा हाय. म्हातारा म्हंजी दोन वर्षांचा! हसू नका, आमच्यात दोन वर्षं लई झाली. रंग निळा, शेपटाला लाल किनार, आन नाव वस्ताद. नाव कुनी ठिवलं, कावून ठिवलं, सगळं सांगतो, जरा दम धरा. खरं तर मलाच दम निघंना झालाय, कारन लई दिवसांनी कुनीतरी ऐकायला आलंय.

मानसं मी पहिल्यांदा बघितली ती कपिलधारच्या जत्रेत. त्याच्या आधीचं फारसं आठवत न्हाई. कुठंतरी हौद हुता, आन मग एक दिवस मला पिशवीत भरलं. ओंजळभर पानी, ओंजळभर हवा, वरून रबर. सुग्रीव नावाच्या मानसानं अशा पन्नास पिशव्या एका बांबूला टांगल्या हुत्या. माझ्या शेजारी हिरवा, त्याच्या पलीकडं तांबडा. आमी दिवसभर एकमेकांवर गलफडं फुगवायचो. आमची जातच तशी, दोघं नर समोर आले की जुंपलीच. म्हनून आमाला एकेकटं ठिवतात. पन खरं सांगू का? भांडायला का हुईना, समोर कुनीतरी हुतं.

तिथंच मला शिवांजली दिसली. नववीतली पोरगी, कपाळाला भस्म, हातात ऊस. तिची थोरली बहीन तेजश्री चार म्हैन्यांपूर्वी क्लाससाठी लातूरला गेलती, आन तवापासून ही घरात एकटीच.

"अप्पा, हा घ्या ना मला."

"आगं, मासा काय बोलतो का?" तिचे वडील म्हनले.

"बोलत नसंल. ऐकतो तरी की न्हाई?"

सुग्रीव लगेच पुढं सरला. "घ्या अप्पा, लई काटक जिनगानी! ग्लासात बी ऱ्हातो. ह्याला काई म्हंजी काईच लागत न्हाई."

मित्रांनो, माझ्याबद्दल मानसांनी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आन तेच खोटं. पन मला कोन विचारतंय! येष्टीत शिवांजलीच्या मांडीवर बसून मी केजला आलो. खड्डा आला की ती पिशवी वर धरायची. मला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं.

शिवांजलीचे वडील म्हंजी बसवेश्वरअप्पा. त्यांचं दुकान कशाचं हाय, सांगा बरं? आरशाचं! आरसे, खिडक्यांच्या काचा आन फोटोच्या फ्रेमी. भिंतीला आरसे, दाराला आरसे, खाली टेकवून ठिवलेले आरसे. लोनच्याची एक बरनी धुतली, त्यात मला सोडलं आन ती गल्ल्याशेजारी ठिवली. शिवांजली शाळेतून येताना दुकानात बसायची, म्हनून मी बी तिथंच.

मी डोळे उघडून बघतो तर काय! चारी बाजूंनी फायटर! समोर एक निळा, डावीकडं तीन, वर एक, आन त्या मोठ्या तिरप्या आरशात तर रांगच लागलेली. सगळे लाल किनारीचे, सगळे माझ्याच वयाचे. मी गलफडं फुगवली, त्यांनी बी फुगवली. मी चाल करून गेलो, ते बी आले. नाक काचेवर आपटलं, त्यांचं बी आपटलं!

"आयला, काय फुलतोय बे हा!" कापडदुकानातले म्हाळूमामा ओरडले. "अप्पा, हा तर तालमीतला वस्ताद दिसतोय!"

झालं, तेच नाव पडलं. गिऱ्हाईक यायचं ते आधी माझ्याकडं. फ्रेम ऱ्हायली बाजूला, लोक माझेच फोटो काढायचे. मामा बरनीवर टकटक करून म्हनायचे, "वस्ताद, दाव एक डाव!" आन मी दावायचो. वाहवा ऐकून कुनाला बरं वाटत न्हाई? कुनी पोहे टाकायचं, कुनी शेव. पन दुकान बंद करताना अप्पा शटर खाली वढायचे, अंधार पडायचा आन ते सगळे फायटर एकदम गायब. एक बी मागं थांबत नसायचा. जाताना रामराम बी करत नसायचे.

आता पान्याचं ऐका. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. ते पानी हौदात, वरून तुरटी फिरवायची. घरचे तेच पितात. पन दुकानात गिऱ्हाइकासाठी थंड पान्याचा जार येतो. अप्पा म्हनले, "वस्ताद आपला पावना हाय. पावन्याला हौदातलं पानी दिलं तर लोक काय म्हनतील?" म्हनून रोज सकाळी बरनीतलं सगळं पानी वतून द्यायचं आन मला जारचं गारेगार पानी! हे प्रेमच हुतं, मित्रांनो. पन कार्तिक सरून मार्गशीर्ष लागलेला, आन मी उबेच्या देशातला जीव. रोज सकाळी अंगात सुया टोचायच्या. म्हैन्याभरात माझं शेपूट चिकटलं, किनार फाटली. मी बुडाला आडवा पडून ऱ्हायला लागलो. आरशातले बी सगळे आडवे.

म्हाळूमामानं टकटक केली. मी हललो न्हाई.

"वस्ताद उतरला बे," ते म्हनले आन निघून गेले. दुसऱ्या दिवशी कुनी फोटो काढला न्हाई.

शिवांजली मात्र शाळेतून आली, दप्तर तसंच पाठीवर, बरनीवर वाकली आन रडायलाच लागली. "अप्पा, हा बी चालला. ताई गेली, आता हा बी."

अप्पांना ते रडनं बघवलं न्हाई. त्यांनी दुकान म्हाळूमामाच्या भरवशावर टाकलं, बरनी उपरन्यात गुंडाळली आन आमी तिघं निघालो जनावरांच्या दवाखान्यात! तिथं रांग ही मोठी. एक म्हैस, दोन शेळ्या, एक बैल. म्हशीवाल्यानं विचारलं, "अप्पा, बरनीत काय आनलंय, लोनचं?"

"पेशंट हाय," अप्पा गंभीरपनानं म्हनले.

डॉक्टर प्रियदर्शनीबाई तरन्या हुत्या. आधी हसल्या, मग बरनी उजेडात धरली आन हसू गेलं.

"खायला काय देता?"

"पोहे, शेव. सोमवारी साबुदाना."

"आन पानी?"

"जारचं! थंडगार," अप्पा छाती फुगवून म्हनले. "आमी हौदातलं पितो, ह्याला जारचं. रोज बदलतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अप्पा, तुमी थंडीत रोज बर्फाच्या पान्यानं आंघोळ करता का?"

"न्हाई बुवा."

"मग हा कसा करंल? आन बरनी ठिवता कुठं?"

"दुकानात. आरशाचं दुकान हाय माझं."

बाईंनी बरनी टेबलावर ठिवली. मग हळू म्हनल्या, "म्हंजी हा दिवसभर कुस्ती खेळतोय. समोर शंभर पैलवान, आन एक बी पडत न्हाई. अप्पा, आरशात त्याला दुसरं कुनी दिसत न्हाई. तोच दिसतो त्याला. दमून मरंल हो तो."

मित्रांनो, बाकी सगळं मी इसरंन, पन हे वाक्य इसरनार न्हाई. ते सगळे मीच हुतो! डावीकडचे तीन, वरचा एक, ती लांब रांग. एवढ्या मोठ्या दुकानात मी एकटाच हुतो, आन मला कुनी सांगितलं नव्हतं. मार लागला त्याचं दुखनं वेगळं. हे दुखनं कुठं दुखतंय तेच कळंना.

बाईंनी शिवांजलीच्या वहीत सगळं लिहून दिलं. मोठी पेटी, इस-पंचवीस लिटरची, उंच नको, पसरट हवी. वर झाकन, पन झाकन आन पान्यात बोटभर मोकळी जागा, कारन हा मासा वर येऊन हवा पितो. पानी नळाचंच, तुरटी न फिरवलेलं, एक दिवस उघडं ठिवलेलं, वर क्लोरीन मारायचं औषध सांगितलं तेवढंच. कोमट, पन उकळलेलं नको, थंडीत बारका हीटर. आठवड्याला चौथा हिस्सा पानी बदलायचं, सगळं कधीच न्हाई. सकाळी दोन दाने, संध्याकाळी दोन. "आन आरसा?" शिवांजलीनं विचारलं. बाई म्हनल्या, "आरसा शून्य."

अप्पांनी लोकांच्या घरांना आयुष्यभर काचा बसवल्या, पन तशी काच कापताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. हिऱ्याची पेन्सिल एकदाच फिरवली, कट्ट करून काच सुटली. पाच तुकडे. कडा पॉलिश पेपरनं घासल्या, का तर माझं शेपूट फाटू नये. सिलिकॉन लावलं, पट्ट्या बांधल्या, दोन दिवस हात लावू दिला न्हाई. मग पानी भरून बघितलं तर एका कोपऱ्यातून थेंब! म्हाळूमामा म्हनले, "राहू द्या अप्पा, मासाच तर हाय." अप्पांनी पेटीतलं पानी वतून दिलं. सगळी पेटी सोडवली आन परत जोडली.

खाली दहा पान्यांनी धुतलेली गोल खडी. एका कडंला पानवेली. संक्रांत नुकतीच झालेली, तर शिवांजलीनं एक कोरं सुगडं दोन दिवस पान्यात भिजवून आडवं ठिवलं, मला लपायला. पेटी दुकानात न्हाई, घरात, तेजश्रीच्या रिकाम्या टेबलावर. आधी मला परत पिशवीत घेऊन ती पेटीतल्या पान्यावर तरंगवली, हळूहळू पानी मिसळलं, आन मग मला सोडलं. मी त्या कडंपासून ह्या कडंपर्यंत पोहलो. ती कड लवकर येईनाच! मी सुगड्यात शिरलो, भायेर आलो, परत शिरलो. समोर कुनीच नव्हतं. भांडायला बी न्हाई. आन काचेपलीकडं एक तोंड हुतं, भस्म लावलेलं, हसनारं.

पंधरा दिवसांत माझी किनार परत आली. मी पान्यावर फेसाचं घरटं बांधलं. आमच्यात बाप घरटं बांधतो. पिल्लं व्हनार नसली तरी बांधतो, राहवत न्हाई म्हनून. पन शिवांजलीची आई, मंजुषाकाकू, त्यांना ते पटंना. "आधीच घरात पान्याची बोंब, आन ह्याला पेटीभर! वर फेस बघा, घान नुसती." आन चहाच्या गाळनीनं माझं घरटं उचलून मोरीत. मी परत बांधायचो. काकू परत काढायच्या. असं आमचं किती दिवस चालू हुतं!

मग शिवांजलीची दहावी आली. आधी ती मला शाळेतलं सगळं सांगायची, कुनी कुनाची पेन्सिल घेतली ते बी. हळूहळू बोलनं कमी झालं. पुस्तक, गनितं, पुस्तक. दोन दाने टाकायची ती बी माझ्याकडं न बघता. पानी एकदा महिनाभर बदललं न्हाई, काचेवर हिरवं चढलं आन मला ती धूसर दिसायला लागली. मी तिच्यावर रागावलो न्हाई. फक्त सुगड्याच्या तोंडाशी बसून ऱ्हायचो, का तर तिनं बघितलं तर मी लगेच दिसावा.

निकाल लागला, आन जूनमध्ये बॅग भरली. लातूर. ताईच्याच खोलीत.

"वस्तादाचं काय?" तिनं विचारलं.

"दुकानात नेतो की," अप्पा म्हनले. "गिऱ्हाईक अजून इचारतं. आरशांवर पोतं टाकू."

मित्रांनो, मी सुगड्यात शिरलो तो भायेर आलोच न्हाई. पोतं किती दिवस टिकनार? एक गिऱ्हाईक आलं की एक आरसा उघडा, दुसरं आलं की दुसरा. परत ती रांग. परत शटर. ह्या खेपंला मला माहीत हुतं ते कोन हायत, आन म्हाताऱ्या अंगात ते सोसायचं बळ नव्हतं.

दारात मंजुषाकाकू उभ्या हुत्या, गाळनी हातात. मला वाटलं, आता शेवटचं घरटं बी गेलं.

"तो कुठं जानार न्हाई," काकू म्हनल्या.

"आगं, तूच तर म्हनत हुतीस, घान, पानी..."

"म्हनत हुते. थोरली गेली, आता ही चालली. तुमी दुकानात. मग मी ह्या भिंतींशी बोलू का? ऱ्हाऊ द्या त्याला हितं." आन टेबलाजवळ येऊन त्यांनी वरचा फेस बघितला, गाळनी खाली ठिवली. "आन ते बी ऱ्हाऊ द्या. घर हाय त्याचं."

शिवांजलीनं बाईंनी लिहिलेलं वहीतलं पान फाडून आईच्या हातात दिलं. काकूंनी ते पेटीच्या वर भिंतीला चिकटवलंय, दिसतंय का तुमाला? पिवळं पडलंय थोडं.

आता रोज दुपारी काकू हितं खुर्ची टाकून डाळ निवडतात आन मला सांगतात. थोरलीचा फोन आला, धाकटीला मेसचं आवडंना, नळ आज बी आला न्हाई. मी बोलत न्हाई, पन ऐकतो. डोळे कमी दिसतात आता, पोहायला जोर लागतो. पन एक गोष्ट मला कळली, ती तुमाला सांगायची म्हनून एवढा वेळ बडबडलो. कुनाला घरी आनायचं तर आधी त्याला काय सोसतं ते इचारा. आपल्याला जे भारी वाटतं ते त्याला सोसंलच असं न्हाई. जागा द्या, ऊब द्या. आन मग थोडा वेळ नुसते बसा.

कारन आरशातला मासा मी हललो की हलायचा, मी थांबलो की थांबायचा. काल दुपारी मी सुगड्याशी अगदी गप पडून हुतो, एक पर बी हलवलं न्हाई. आन काचेच्या पलीकडं काकूंनी सूप खाली ठिवलं, वाकून जवळ आल्या, आन म्हनल्या, "वस्ताद, बरा हायस ना रे?"