आण्यांच्या कचेरीत दहाचे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने आकडेमोडीचे यंत्र आहे. बाजूला फिरवायची मूठ, पोटात पितळी दात आणि समोर आकड्यांच्या इवल्या खिडक्या. आजकाल मुले मला शिवणयंत्र समजून माझ्यात सुई शोधतात. शोधू देत. मी जे पाहिले ते कुठल्या शिवणयंत्राने पाहिले नसेल. सरकारी कचेरीत एक मुलगी येणाऱ्या वर्षाचा पैसा आजच ओळखायला शिकली, आणि तेव्हा तिचा हात माझ्या मुठीवर होता. ते सांगायचे म्हटले की अजून माझी चाके सळसळतात.

माझा जन्म एका दूरच्या थंड देशातला. लढाईच्या दिवसांत मी जहाजाने आले आणि कल्याणच्या लष्करी छावणीत बिस्किटांचे डबे नि बुटांचे जोड मोजू लागले. लढाई संपली, छावणीतले सामान लिलावात निघाले, आणि १९४८ साली ठाण्याच्या एका सरकारी कचेरीने मला एका लोखंडी कपाटाबरोबर घेतले. खरे तर त्यांना कपाटच हवे होते.

कचेरी टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. जिल्ह्यातले आठवडी बाजार, खाडीपार नेणाऱ्या तरी, दवाखाने, विहिरी यांचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, ते तिथे पाहत. मला वाटले, चला, आता मेजवानी! पण पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. मला कळतात फक्त दहा. एका खिडकीत दहा भरले की पुढच्या खिडकीत एक. आणि इथे सोळा आण्यांचा रुपया, अन् आण्याच्याही पोटात बारा पै. हेडक्लार्क अण्णांनी माझी मूठ दोनदा फिरवली, खिडक्यांत डोकावले आणि निकाल दिला, "याला आणा कळत नाही. झाकून ठेवा."

मग माझ्यावर कापड आले, आणि कापडावर अण्णांचा पानाचा डबा. चार वर्षे मी फक्त अडकित्त्याचा आवाज ऐकला.

१९५२ साली सुहासिनी आली. डोंबिवलीची, मॅट्रिक झालेली, आमच्या खोलीतली पहिली बाई. नेमणूक तात्पुरती. घरचे म्हणत, लग्न होईतो नोकरी तात्पुरती आहे. कचेरी म्हणे, बाईच तात्पुरती आहे. तिला मात्र कायम व्हायचे होते. नुसते कायम नव्हे. साहेबांच्या शेजारच्या खोलीत बसून जे लोक पैशाचा पुढचा विचार करत, त्यांच्यात तिला बसायचे होते. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. मला ठाऊक होते, कारण त्या खोलीचे दार उघडले की माझ्या मुठीवरचा तिचा हात थांबायचा.

तिने पहिल्याच आठवड्यात पानाचा डबा उचलला आणि विचारले, "अण्णा, हे काय आहे?"

"सरकारी जातं आहे. दळता येतं का तुला?"

"येतं की. चाळायला तुम्ही बसाल ना?"

खोली हसली. अण्णाही हसले, पण डबा लगेच आपल्याकडे ओढून घेतला.

मला चालवायचे तिला कोणी शिकवले नाही. माझ्यासोबत आलेले पुस्तक परक्या भाषेतले होते. त्यातली चित्रे पाहून ती शिकली. आणि मग तिला सुचले, की आणा मला कळत नसेल तर मला कळेल असा आणा करून द्यावा! रुपयाचे सोळा भाग दशांशात मांडून तिने एक तक्ता केला आणि भिंतीवर डकवला. त्या दिवशी मी काय धावले म्हणता! खटके लावायचे, मूठ फिरवायची, खिडक्यांत उत्तर हजर. दुपारपर्यंत अख्खी खोली आपापल्या बेरजा घेऊन रांगेत. "बाई, एवढं दळून द्या," असे अण्णासुद्धा म्हणू लागले.

पण मित्रांनो, बेरीज कोणालाही येते. सुहासिनी उत्तर आल्यावर खिडकीकडे बघत बसायची. शीळफाट्याकडच्या बाजाराची वसुली आषाढात का बसते? तिकडची माणसे तेव्हा लावणीला शेतात असतात, म्हणून. मग त्या बाजाराच्या भरवशावरचा खर्च आषाढात कशाला काढायचा? असे प्रश्न ती अण्णांना विचारी आणि अण्णा पान लावत म्हणत, आपले काम झालेले लिहायचे, होणारे नाही. ती खात्याच्या परीक्षेला बसली. पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा अण्णांनी मुद्दाम पेढे मागितले. तिने सर्वांना शेंगदाणे वाटले. दुसऱ्यांदा पास झाली, तेव्हा पेढे अण्णांनीच आणले.

आता येतो १९५७. एक एप्रिलपासून आणे जाणार आणि नवे पैसे येणार. शंभरांचा रुपया! माझ्या आनंदाची कल्पना करा. सारा देश माझ्या भाषेत बोलणार होता.

त्याच फेब्रुवारीत आमच्या कचेरीत एक कायमची जागा निघाली. पुढल्या वर्षाच्या अंदाजाची बैठक व्हायची होती, आणि साहेब त्याच बैठकीत जागेचे ठरवणार होते. बाजारांच्या जमेचा अंदाज सुहासिनीकडे होता. तिने गेल्या वर्षीचे सगळे आणे घेतले, माझ्याकडून त्यांचे रुपये आणि नवे पैसे करून घेतले, आणि त्या जमेवर दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सचा वर्षाचा पगार बेतून दिला. जमा आणि खर्च अगदी गळ्यात गळा घालून बसले. खाली तिची सही झाली आणि कागद साहेबांकडे गेले. अण्णा म्हणाले, आता तू कायम झालीस असे धर.

आमच्या कचेरीच्या पडवीत मधल्या सुट्टीत बायजा भाजी घेऊन येई. माझे टेबल खिडकीपाशी, म्हणून मला सगळे ऐकू येई. बैठकीच्या आदल्या दिवशी सुहासिनी वालाच्या शेंगा निवडत होती. बायजाने विचारले, "बाय गो, बाजारात टोपलीमागं आना घेतान. नवा पैसा आल्यावं किती घेनार?"

"सहा नवे पैसे. खरे तर सव्वासहा होतात, पण पाव पैशाचं नाणंच नाही ना."

"मंग पाव पैसा मना सुटला?"

"सुटला," म्हणून सुहासिनी हसली. आणि हसता हसता थांबली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तुम्हीही करून बघा. चार टोपल्यांचे चार आणे, म्हणजे पावली, म्हणजे पंचवीस नवे पैसे. पण टोपल्या काही चारचारने येत नाहीत. प्रत्येक टोपलीचे वेगळे सहा. चार टोपल्यांचे चोवीस. म्हणजे पंचवीस रुपयांमागे एक रुपया येणारच नाही! तिने आण्यांचा ढीग एकदम बदलला होता, आणि बाजारात मात्र आणा एकेक करून बदलणार होता. माझे उत्तर बरोबर होते. अंदाज चुकला होता.

ती वाल तिथेच टाकून धावत आत आली आणि अण्णांना सगळे सांगितले. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला.

"अगं, सही झालीय. उद्या बैठक आहे. आता उठून चुकलं म्हणालीस तर जागा गेली समज."

"आणि मी गप्प बसले तर?"

"तर काही नाही. पुढल्या वर्षी वसुली थोडी कमी आली म्हणायचं. कोण विचारतंय?"

"फाल्गुनात पगार थांबला की ती नर्स विचारेल, अण्णा."

अण्णांनी पानाचा डबा बंद केला. मग त्यांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि तिला बाजारवार आकडे वाचून दाखवायला बसले.

दुसऱ्या दिवशी शिपाई धोंडीबाने मला खांद्यावर घेऊन बैठकीच्या खोलीत नेले. लांब टेबल, टेबलापाशी अधिकारी, मधोमध आमचे साहेब, हरिहरसाहेब. सुहासिनी उभी राहिली आणि म्हणाली, की माझा अंदाज चुकला आहे, तो मला आत्ता दुरुस्त करायचा आहे. खोलीत कुजबुज झाली. एक अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले, बाईमाणसाला घाई फार. ते तिने ऐकले, मीही ऐकले.

तिने माझ्यावर नवी जमा चढवली. मग मूठ उलटी फिरवून एकेक खर्च वजा करू लागली. विहिरी गेल्या, औषधे गेली, पहिली नर्स गेली. दुसऱ्या नर्सचा पगार वजा करायला मूठ फिरली आणि... टिंग! मित्रांनो, जवळ आहे त्याहून जास्त काढायला गेले की माझ्या पोटातली घंटा वाजते. त्या खोलीत ती केवढी मोठी वाजली! कुजबुज बंद.

हरिहरसाहेब म्हणाले, "घंटा आम्हीही ऐकली. आता काय करायचं म्हणता? टोपलीचे सात पैसे करू?"

"तेही करून पाहिलं, साहेब. सात केले तर पंचवीस रुपयांमागे बायकांवर तीन रुपये जास्त पडतात. तूट एकाची आणि वसुली तिघांची. सहाच ठेवावेत."

"मग नर्स?"

सुहासिनीने कागद पुढे सरकवला. "खर्चाच्या यादीत तुमच्या शेजारच्या खोलीसाठी विजेचा नवा पंखा आहे. तो एक वर्ष पुढे ढकलला तर घंटा वाजत नाही."

कोणीतरी खोकले. अण्णा दाराआडून छताकडे पाहू लागले. हरिहरसाहेबांनी लेखणी उचलली आणि पंख्यावर आडवी रेघ मारली.

"तुम्हाला हिशेबनीस म्हणून कायम करणार नाही मी," ते म्हणाले. माझे सगळे दात जागच्या जागी थिजले. "हिशेबनीस झालेलं सांगतात. होणारं सांगणारं माणूस मला या शेजारच्या खोलीत हवंय. सोमवारपासून तिथे बसा. आणि हे यंत्रही घेऊन या."

तिने माझ्या सगळ्या खिडक्या शून्यावर आणल्या. मग मला उचलायला धोंडीबाला हाक मारली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र कुठे दिसले तर त्याच्या दातांत तेलाचा एक थेंब घाला, वर डबे ठेवू नका. आणि मला चालवाल तेव्हा उत्तर आले म्हणून लगेच उठू नका. जरा बसा, आणि तो पैसा कोणाच्या टोपलीतून येणार आहे ते आठवा. तेवढे मला येत नाही, ते तुम्हीच करायचे असते.

सोमवारी धोंडीबाने मला त्या शेजारच्या खोलीत ठेवले. तिथे खूप उकडत होते. सुहासिनीने पदर खोचला, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि साऱ्या जिल्ह्याच्या पुढल्या पाच वर्षांचा पहिला आकडा माझ्यावर लावला.