चौकातला उलटा पदर

प्रणालीनं न विचारता लोणच्याची बरणी रिकामी केली असती, तर सखूबाईनं एक शिवी हासडून सोडून दिलं असतं. पण या नातीनं न विचारता आजीचा पदर साऱ्या जगापुढं मांडला, तोही उलटा, आणि वर तोंडाला कुलूप लावून बसली. याला माफी नव्हती.

सखूबाई दुसरी पास. हातमागावर मात्र तिच्यासमोर बसायची हिंमत उभ्या गल्लीत कोणाची नव्हती. मुलानं, प्रेमानंदनं, प्रताप नगरात घर बांधलं तेव्हा तिनं एकच अट घातली, "माग येईन तर मी येईन." शेवटी पोर्चमध्ये पाय सोडायला खड्डा खणला, त्यावर माग बसला, आणि प्रेमानंदची गाडी तेव्हापासून रस्त्यावर उन्हात उभी असते.

या मागावर नक्षीचं कापड पालथं विणतात. सुलटी बाजू जमिनीकडे, उलटी विणणाऱ्याच्या डोळ्यापुढे. गाठी, सुटे धागे, एका फुलाकडून दुसऱ्याकडे ओढलेले दोरे, सगळं वरच्या अंगाला. कापड उतरलं की परतवायचं, मगच दाराबाहेर न्यायचं. सखूबाईच्या सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, उलटं अंग घरचं, सुलटं बाहेरचं.

आणि आता परदेशातल्या एका मोठ्या कलास्पर्धेत, कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या शेकडो कामांतून परीक्षकांनी चाळीस कलाकार निवडले, त्यात सखूबाईचं नाव लागलं. मिहानमधल्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या प्रणालीनंच, आजीनं विणलेल्या साडीच्या पदराचा फोटो जोडून, गुपचूप अर्ज भरला होता. बातमी आली त्या दिवशी सखूबाईनं ते नाव तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आयुष्यभर तिच्या कापडावर शेठजीचा शिक्का बसला होता. तिचं नाव कशावरच नव्हतं, राशनकार्ड सोडून.

प्रेमानंदनं हौसेनं चौकात फ्लेक्स लावला. हात जोडलेली सखूबाई, आणि तिच्यामागे दाराएवढा मोठा तो पदर, बाभळीच्या पिवळ्या फुलांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी फाटकाशी आला. तिच्या नवऱ्याच्या शेजारच्या मागावर चाळीस वर्षं बसलेला माणूस.

"वहिनी, चौकात उलटा पदर काहून लावला जी?"

"डोळे तपासून घ्या, भैय्याजी."

"डोळे गेले असतीन, पण मी गाठी मोजून आलो. सतरा हायत."

सखूबाई चपला अडकवून चौकात गेली. मान वर करून बघत राहिली. सतरा नव्हत्या, एकोणीस होत्या. पानठेल्यावरचा कोणी म्हणाला, "आजी, अभिनंदन." तिला वाटलं, आपण परकर वर करून चौकात उभ्या आहोत.

घरी आली ती थेट प्रणालीपुढं.

"फोटो कोणत्या अंगानं काढला वं?"

प्रणालीनं मोबाइल खाली ठेवला. "वरून. मागावर होता तसाच."

"चुकून?"

"नाही." मग तिनं सगळंच ओकून टाकलं. "गेल्या साली मी दुसऱ्या एका पदराचा सुलटा फोटो पाठवला होता, आजी. तुले सांगतलं नाही. त्यांनी नाही घेतला. म्हणे, इतकं साफ हाय की मशीनीचं वाटते. म्हणून या साली उलटा पाठवला. त्यात हात दिसते ना. परीक्षकांनी काय लिहिलं माहीत हाय? या गाठींत एका बाईचं सारं आयुष्य दिसते."

"माह्या गाठीत आयुष्य नाही वं, धागा सरला होता तिथं!"

प्रेमानंद हसला आणि आईचं तोंड बघून गाडी पुसायला निघाला.

सखूबाई मागाच्या पाटावर जाऊन बसली. मशीनीचं वाटते. पन्नास वर्षं व्यापारी हेच म्हणायचे आणि तिची मान ताठ व्हायची. आज तेच वैगुण्य झालं होतं. पण खरं सांगितलं तर नाव जाईल, ही भीतीही तितकीच खरी. म्हातारपणी पहिल्यांदा लागलेलं नाव.

चार वाजता त्या स्पर्धेवाल्या बाईंचा व्हिडिओ कॉल येणार होता. कलाकाराचे दोन शब्द हवे होते.

"आज फक्त नमस्कार कर," प्रणाली गयावया करत म्हणाली. "पुढचं माह्यावर सोड."

"तुह्यावर सोडलं म्हणून तर चौकात आलं."

पडद्यावर पांढऱ्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई आली. सखूबाईनं नमस्कार केला, मागावरून उतरलेला, मांडीवरचा तो पदर उचलला आणि आधी गाठींची बाजू दाखवली. बाई खूश होऊन काहीतरी बोलली. मग सखूबाईनं पदर परतवला. पिवळी फुलं एकेक पाकळी मोजून घ्यावी अशी उभी राहिली. बाईचा चेहरा काचेजवळ आला.

"बाई, तुम्ही पाह्यली ती आतली बाजू," सखूबाई म्हणाली. "ती आम्ही बाहेरच्याले दाखवत नाही. माहा पदर ह्या अंगानं टांगा. गाठी पाह्याच्या असतीन तर माह्या घरी या, चहा प्या, मंग पाहा. अन साफ विणलं म्हणून मशीनीचं म्हणत असान, तर मशीन माह्यासारख्याईले पाहून शिकली, मी मशीनीले पाहून नाही. यादीत नाव ठेवाचं तर ह्या अंगावर ठेवा. नाही तर खोडून टाका."

प्रणाली इंग्रजीत एक छोटं वाक्य बोलली.

"माहं बोलणं हातभर, अन तुहं बोटभर? पुरं सांग."

प्रणालीचे कान लाल झाले. तिनं सगळं सांगितलं, एकेक करून. मशीनीच्या वाक्याला बाई मोठ्यानं हसली, नंतर गंभीर झाली आणि बराच वेळ बोलली.

"ती म्हणते, निवड त्या फोटोवर झाली. बाजू बदलली तर काम पुन्हा परीक्षकांपुढं जाईन. नाव राहीनच, असा भरोसा ती देत नाही."

सखूबाईनं पदराची घडी गुडघ्यावर दाबून धरली.

"नवा फोटो काढ अन पाठव. आत्ता, तिच्यासमोर."

प्रणालीनं काढला. पाठवला. बाईनं हात जोडले आणि पडदा काळा झाला.

"प्रेमानंद, फ्लेक्स उतरव."

तो शिडी शोधायला उठला. प्रणालीच्या डोळ्यात पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. "हाताशी आलेलं घालवलं तू, आजी. मी कोणासाठी केलं होतं?"

सखूबाईनं तिला हाताला धरून मागाच्या पाटावर बसवलं. पोरीचे पाय खड्ड्यात लोंबकळले.

"माह्यासाठीच केलं, मले समजते. पण तुले वाटलं, आजीचं चांगलं काम कोणी घेत नाही, तर तिची लपवलेली गाठ दाखवून भागवू. ही लाचारी हाय, प्रणाली, अन ती तू माह्या नावानं केली. उद्या सुट्टी हाय ना? मंग सकाळी इथंच बस. हातभर विण. ते कापड तुहं. उलटं टांग, सुलटं टांग, चौकात टांग, मी एक शब्द बोलणार नाही. पण माहं कापड मी सांगीन त्याच अंगानं टांगलं जाईन, नाही तर पेटीत राहीन."